मेजर कँडी आणि आमचे शुद्धलेखन

शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी कोणास गणिताचे भय वाटते, कोणास भूगोलातील नावे पाठ होत नाहीत, कोणास संस्कृतचे धातू नकोसे होतात; परंतु श्रुतलेखनाच्या तासाला ज्याचे काळीज धडधडत नाही असा विद्यार्थी विरळाच. गुरुजी वाक्य सांगतात, मुलाचा हात चालू असतो, आणि मध्येच तो थबकतो. वेलांटी पहिली की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, या विचारात पुढचे वाक्य निसटून जाते. पुढे वही परत येते ती तांबड्या खुणांनी भरलेली. अशा वेळी एखाद्या चिकित्सक मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो, की हे नियम केले तरी कोणी? आपली आई, आपली आजी, आपले शेजारी हे सारे मराठीच बोलतात. त्यांस वेलांटीवाचून कधी अडले नाही. मग आपणांसच हा जाच का?

हा प्रश्न उद्धटपणाचा नसून विचाराचा आहे, असे आम्हांस वाटते. हे नियम कोणा एका माणसाने केले नाहीत. ते अनेक पिढ्यांच्या वादविवादातून घडत आले. तथापि मराठी शाळेतील पहिल्या क्रमिक पुस्तकांस ज्यांनी एकसारखे लेखन दिले, आणि आपल्या वाक्यांस विरामचिन्हांची शिस्त लावण्यात ज्यांचा वाटा फार मोठा होता, त्यांपैकी एकाचे नाव घ्यावयाचे झाल्यास ते मेजर टॉमस कँडी यांचेच घ्यावे लागेल. आश्चर्याची गोष्ट ही, की हे गृहस्थ महाराष्ट्रीय नव्हते, जन्माने पंडित नव्हते, आणि या देशात आले ते हाती तलवार घेऊन. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस फारसे ठाऊक नसते, म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

कँडीसाहेबांच्या कार्याचे महत्त्व कळण्यास त्यांच्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. पंतोजीच्या शाळेत मूल प्रथम धुळाक्षरे गिरवी, मग बाराखडी, मग अंकलिपी आणि पावकी-निमकीचे पाढे म्हणे. पुढे ज्यास कारकुनी करावयाची असेल तो मोडीचा कित्ता घेई. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी. लेखक प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरांस अक्षर जोडीत जाई. एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे दाखविण्याची चाल नव्हती. वाक्याच्या शेवटी खूण नव्हती. आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. पत्र लिहिणारा व वाचणारा दोघेही त्या व्यवहारात मुरलेले असल्यामुळे काम अडत नसे. पोथ्या बाळबोधीत लिहिल्या जात. परंतु तेथेही शब्द सलग लिहिण्याचीच चाल होती, आणि लेखकू जसा असेल तसे शब्दांचे रूप होई.

ही स्थिती छापखान्याने पालटली. बंगाल्यातील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापला. पुढे मुंबईस अमेरिकन मिशनने छापखाना घातला. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी शिक्षणाकडे लक्ष दिले, व १८२२ साली मुंबईस शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. हाताने लिहिलेल्या पत्राचा वाचक एक, फार तर दहा. छापलेल्या पुस्तकाचे वाचक हजार. रत्नागिरीचा मुलगा, नगरचा मुलगा आणि खानदेशचा मुलगा तेच पान उघडणार. एकाच पुस्तकात तोच शब्द तीन जागी तीन प्रकारे छापला, तर मुलाने कोणता खरा मानावा? लेखनात एकरूपता आणण्याची गरज अशा रीतीने प्रथम शाळेच्या पुस्तकांस भासली, पंडितांच्या सभेस नव्हे.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडातील विल्टशर परगण्यात ईस्ट नॉइल या गावी झाला. लंडनचे सेंट पॉल हे प्रसिद्ध मंदिर बांधणारे क्रिस्टोफर रेन हेही याच लहानशा गावी १६३२ साली जन्मले होते. टॉमस व जॉर्ज हे जुळे भाऊ. दोघांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले, आणि १८२२ साली, वयाची अठरा वर्षेही पुरी होण्यापूर्वी, दोघेही कंपनी सरकारच्या लष्करी नोकरीत हिंदुस्थानात आले. पुढे जॉर्ज यांनी लष्कर सोडून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. टॉमस मात्र चढत चढत मेजर झाले. परंतु त्यांची खरी लढाई रणांगणावर झाली नाही. ती शब्दांशी झाली.

त्या काळी पलटणीत देशी भाषा जाणणारा एक अंमलदार दुभाषा म्हणून नेमीत, आणि त्यास भाषेची परीक्षा द्यावी लागे. कित्येक अंमलदार परीक्षेपुरते शिकून पुस्तक मिटून ठेवीत. कँडीबंधूंनी तसे केले नाही. जेम्स टॉमस मोल्सवर्थ या दुसऱ्या लष्करी अंमलदाराने मराठीचा मोठा कोश करण्याचे मनात घेतले होते. त्या कामात हे दोघे भाऊ त्यांस मिळाले. कोकणातील शब्द, देशावरील शब्द, पंडितांच्या तोंडचे शब्द, कुणब्यांच्या शेतावरचे आणि कारागिरांच्या हत्यारांचे शब्द, असा शब्दांचा मोठा साठा त्यांनी शास्त्रीमंडळींच्या साह्याने जमविला व पारखून घेतला. हा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी, पुष्कळ वाढविलेली आवृत्ती मोल्सवर्थ यांनी १८५७ साली काढली. तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि जुना मराठी ग्रंथ वाचणाऱ्यास आजही तिच्यावाचून गत्यंतर नाही.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोश रचणारास शुद्धलेखनाचा प्रश्न टाळता येत नाही. पत्र लिहिणारा मनुष्य वेलांटी कशीही देऊन मोकळा होईल; परंतु कोशात शब्द बाराखडीच्या अनुक्रमाने बसवावयाचे असतात. पहिल्या वेलांटीचा शब्द अगोदर येतो, दुसऱ्या वेलांटीचा कित्येक पानांनंतर येतो. शब्द कोठे ठेवावयाचा हे ठरविण्यासाठी तो कसा लिहावयाचा हे आधी ठरवावे लागते. असे हजारो शब्दांविषयी हजारो निर्णय घेत घेत कँडीसाहेबांची दृष्टी या विषयात तयार झाली. नियम त्यांनी प्रथम पुस्तकात वाचले नाहीत. ते शब्दांच्या राशीत बसून, शास्त्र्यांशी वाद घालून, हाताने घासून घेतले.

१८३६ साली प्रकृती बिघडल्यामुळे मोल्सवर्थ यांस विलायतेस परत जावे लागले. इंग्रजी-मराठी कोशाचे काम त्या वेळी अपुरे होते. ते सर्व कँडी यांच्या शिरावर आले. हे काम पहिल्याहून अवघड. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगणे ही एक गोष्ट. आणि ज्या कल्पनाच या देशात नवीन होत्या त्यांस मराठी शब्द शोधणे ही दुसरी. सुमारे अकरा वर्षांच्या श्रमांनंतर १८४७ साली हा कोश छापून निघाला. इतकी वर्षे एकाच कामाशी चिकटून राहणे हे आजच्या धावपळीच्या काळात कल्पनेसही अवघड वाटेल.

याच सुमारास पुण्यातील पाठशाळेची देखरेख कँडी यांच्याकडे आली होती. विश्रामबागवाड्यात १८२१ साली स्थापन झालेली ही पाठशाळा संस्कृत विद्येसाठी होती. तेथे न्याय, व्याकरण, वेदान्त इत्यादी शास्त्रे शिकविली जात. मराठीस स्थान नव्हते. मातृभाषा ती काय शिकावयाची, असा त्या काळच्या विद्वानांचा समज. कँडीसाहेबांचे मत निराळे होते. नवे ज्ञान इंग्रजीतून मिळेल, शब्दांचे भांडार संस्कृतातून मिळेल, परंतु सामान्य जनांपर्यंत ते पोहोचविण्याचे साधन देशभाषा हेच असले पाहिजे, असे त्यांनी आपल्या अहवालात सरकारास कळविले. १८५१ साली ही पाठशाळा आणि पुण्याची इंग्रजी शाळा एकत्र करून पुणे कॉलेज निघाले, आणि तेथेही कँडी हेच प्रमुख होते. पुढे याच संस्थेचे डेक्कन कॉलेज झाले.

१८५५ साली मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते निर्माण झाले. गावोगाव मराठी शाळा निघू लागल्या, आणि त्यांस पुस्तके हवी होती. मराठी भाषांतराचे मुख्य काम कँडी यांच्याकडे आले. क्रमिक वाचनपुस्तकांची माला त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली. भाषांतरित पुस्तके त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली, आणि १८६० सालच्या पीनल कोडासारख्या कायद्याचे मराठी रूपही त्यांच्याच हातून तयार झाले. परशुरामपंत गोडबोले, कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखे विद्वान या कामात त्यांचे सहकारी होते. पुण्याच्या कचेरीत एका बाजूस विलायतेत जन्मलेला मेजर, दुसऱ्या बाजूस शालजोडी पांघरलेले शास्त्री, आणि मध्ये एका इकाराविषयी चाललेला वाद, असे चित्र विद्यार्थ्यांनी मनाशी रंगवून पाहावे. त्यात ते फारसे चुकणार नाहीत.

कँडींस रस्ता अगदीच मोकळा नव्हता, आणि सर्वस्वी कोराही नव्हता. मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली, आपल्या वयाच्या बाविसाव्या वर्षी, महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. दादोबांचे लहानपणचे शिक्षण पंतोजीकडेच झाले. पुढे इंग्रजी शाळेत त्या भाषेचे व्याकरण शिकत असता आपल्या भाषेस असे व्याकरण का नसावे, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली. त्यांनी भाषेचे नियम शोधले. कँडींनी ते मुलांच्या हातातील पुस्तकात उतरविले. एकाने शास्त्र दिले, दुसऱ्याने वहिवाट पाडली. दोघांत मतभेद होते, हे सांगावयास नकोच. ज्या दोन माणसांस एका विषयाची खरी आस्था आहे त्यांत मतभेद असावयाचेच.

आता या लेखनपद्धतीचा गाभा काय तो पाहू. मराठीत दोन प्रकारचे शब्द आहेत. काही संस्कृतातून जसेच्या तसे आले. ते संस्कृताप्रमाणे लिहावयाचे. म्हणून गीता, शरीर, भूगोल, पुत्र यांचे इकार-उकार आपण बदलीत नाही. बाकीचे शब्द आपल्या घरचे. त्यांत उच्चाराकडे पाहावयाचे. शब्दाच्या शेवटी येणारा इकार वा उकार आपण लांब उच्चारतो, म्हणून पाटी, सुरी, लाडू. शेवटच्या अक्षराचा अकार उच्चारात लोपला म्हणजे त्याच्या आधीचा स्वर आपोआप लांबतो, म्हणून वीट, फूल, गरीब. परंतु त्याच शब्दास प्रत्यय लागून जोर पुढे सरकला की तो स्वर आखडतो, म्हणून विटेस, फुलास, गरिबास. ज्यास हा एक नियम समजला त्याच्या वहीतील अर्ध्याअधिक तांबड्या खुणा नाहीशा होतील, असे आम्ही खात्रीने सांगतो. तो पाठ करण्याचा नियम नव्हे. मोठ्याने उच्चारून कानाने ऐकण्याचा नियम आहे.

आणि ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पालटतो हेही विसरू नये. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे पुत्र, सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे मस्तक, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे स्वर. वैद्याच्या चिठ्ठीत किंवा न्यायालयाच्या कागदात अशी गफलत झाली तर काय होईल याचा विचार वाचकांनीच करावा.

कँडीसाहेबांचे दुसरे मोठे कार्य विरामचिन्हांचे. १८५० साली त्यांनी विरामचिन्हांची परिभाषा सांगणारे एक लहान पुस्तक लिहिले. आज पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांवाचून आपणांस मराठीची कल्पना करवत नाही; परंतु ही चिन्हे आपल्या जुन्या लिखाणात नव्हती. पोथीत श्लोकाच्या शेवटी दंड असे. गद्यास तेवढाही आधार नसे. कोठे थांबावे, कोठे श्वास घ्यावा, प्रश्न कोठे संपला व उत्तर कोठे सुरू झाले, हे सारे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखावे. शास्त्र्यास ते जमे. आठ वर्षांच्या मुलास ते कसे जमावे? विरामचिन्हे ही लिहिणाऱ्याच्या डौलासाठी नसून वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत, हे त्या पुस्तकामागील तत्त्व होय. व्याकरणातील नियमांवर वाद झाले. या लहान लहान खुणांनी मात्र वाद न करता मराठी लेखनात कायमचे घर केले.

असे असले तरी कँडी यांची केवळ स्तुती करून थांबणे हे सत्यास धरून होणार नाही. त्यांच्या हातात पुष्कळ सत्ता एकवटली होती. सरकारी शाळेत जे पुस्तक चालावयाचे त्याची भाषा त्यांस पसंत पडली पाहिजे, अशी स्थिती होती. मराठी ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या बोलली गेली, अशा ग्रंथकारांची वाक्ये एका परदेशस्थाने दुरुस्त करावी, याचे शल्य अनेकांस होते. शिवाय त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या भाषांतरांत इंग्रजी वाक्यांची ठेवण डोकावे. शब्द मराठी, परंतु सांधे विलायती, असा प्रकार होई. १८७४ साली निबंधमाला सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी या शाळाखात्याच्या मराठीवर कठोर टीका केली. वडील कृष्णशास्त्री ज्या कामात सहकारी, त्याच कामाचा पुत्र विष्णुशास्त्री टीकाकार! भाषेचा अभिमान पिढीगणिक कसा जागा होत गेला, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या वादात न्याय कोणाच्या बाजूस, असे कोणी आम्हांस विचारील तर आमचे उत्तर असे, की दोघांच्याही. भाषेचा प्राण तिच्या बोलणाऱ्यांच्या तोंडी असतो. तो कचेरीतून ठरविता येत नाही. येथे विष्णुशास्त्र्यांचे म्हणणे खरे. परंतु शब्दाचे लिखित रूप हा एक करार आहे. शेर, मण, कोस यांची मापे गावोगाव निराळी असली तर व्यापार अडतो. तद्वत् शब्दांची रूपे निराळी असली तर ज्ञानाचा व्यवहार अडतो. हा करार कोणीतरी प्रथम मांडावयास हवा होता. कँडींनी तो मांडला, आणि चाळीस वर्षे निष्ठेने सांभाळला. ते परके होते म्हणून त्यांच्या चुका झाल्या. परंतु ते परके होते म्हणूनच कोकणस्थ वा देशस्थ, पुणेरी वा मुंबईकर, असा पक्षपात त्यांस करावा लागला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

२६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे मेजर कँडी यांचा देहान्त झाला. अठराव्या वर्षी ज्या देशात आले त्याच देशात, बहात्तर वर्षांचे होऊन, त्यांनी आपली यात्रा संपविली. त्यांच्या पश्चात शुद्धलेखनाचा वाद थांबला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साने, गोडबोले व हातवळणे यांनी लेखन उच्चाराच्या अधिक जवळ आणावे अशी सूचना केली, आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकर आदी विद्वानांनी तिला विरोध केला. मुख्य तंटा अनुस्वारांचा होता. कँडींच्या काळापासून नाव, पाच, घरात, मुले अशा शब्दांवर उच्चारात न येणारे टिंब देण्याची चाल होती. त्यामागे व्युत्पत्ती होती, व्याकरण होते, परंतु मुलाच्या कानास ते ऐकू येत नसे. अनेक पिढ्यांच्या मुलांनी या न ऐकू येणाऱ्या टिंबांपायी छड्या खाल्ल्या. शेवटी मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम ठरविले, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले, आणि महाराष्ट्र शासनाने ते मान्य केले. ही निरनुच्चारित टिंबे गेली. पूर्वी ऱ्हस्व लिहिले जाणारे कवि, गुरु हे शब्द कवी, गुरू असे झाले. मात्र कविराज, गुरुदक्षिणा अशा समासांत जुने ऱ्हस्व रूप राहिले.

या इतिहासावरून विद्यार्थ्यांनी एक बोध घ्यावा. जे आजोबांच्या वहीत शुद्ध होते ते नातवाच्या वहीत अशुद्ध ठरते, आणि आजोबांस जे चुकले म्हणून शिक्षा झाली ते आज बरोबर ठरते. तेव्हा शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द सोवळ्या-ओवळ्यासारखे मानू नयेत. लेखनाचा नियम हा सर्वांच्या सोयीसाठी केलेला संकेत आहे. तो पाळावा, काटेकोर पाळावा. परंतु जो पाळीत नाही त्यास हीन लेखू नये.

ही गोष्ट आमच्या हमरापूरच्या परिसरात विशेष सांगण्यासारखी आहे. पेण तालुक्याच्या या भागात आगरी बोली घराघरांत नांदते. तिच्यात णकाराचा नकार होतो आणि ळकाराचा लकार. पाणी हे पानी होते आणि डोळा हा डोला होतो. मूल पहिलीत येते ते हे सारे कानात साठवून. त्यास पाटीवर णकार लिहावयास सांगितला तर तो कोठून येणार? जो ध्वनी घरी कधी ऐकला नाही तो हातातून उमटत नाही. अशा मुलास मठ्ठ म्हणणे म्हणजे त्याच्या आईच्या जिभेस नावे ठेवणे होय. त्या मुलास लेखनाच्या बरोबरीने एक नवा उच्चार शिकावयाचा असतो; म्हणजे पुण्याच्या मुलाहून त्याचे काम दुप्पट असते. हे ओळखणारा शिक्षक त्यास प्रथम ऐकवील, मग म्हणावयास लावील, मग पाहावयास देईल, आणि शेवटी लिहावयास सांगेल. कान, जीभ, डोळा आणि हात, हा क्रम जो मोडील त्याच्या हातून तांबडी शाई पुष्कळ खर्च होईल, परंतु मूल शिकणार नाही.

हमरापूर, जोहे, तांबडशेत येथील गणपतीचे कारखाने आमच्या वाचकांस परिचित आहेत. तेथे नवशिक्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी डोळ्यांची आखणी करण्याचा कुंचला देत नाहीत. तो प्रथम माती मळतो, साच्यात दाबतो, मूर्ती घासतो, साधा रंग देतो. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि ती कसलेल्या हाताने. रेघ केसभर चुकली तरी मूर्तीचा भाव पालटतो. शब्दाची वेलांटी ही त्या आखणीसारखीच आहे. ती घाईने शिकवू नये, आणि क्षुल्लक म्हणून सोडूनही देऊ नये. अनुलेखन ही साच्याची कामगिरी होय. श्रुतलेखन ही आखणीची. रोज एक पान चांगल्या पुस्तकातून पाहून लिहावे, चुकलेला शब्द शंभर वेळा लिहिण्यापेक्षा पाच निरनिराळ्या वाक्यांत घालावा, वीट-विटेस अशा जोड्या मोठ्याने म्हणाव्या, आणि मग श्रुतलेखनास बसावे.

पालकांसही आमचे दोन शब्द आहेत. मुलाची वही पाहताना केवळ तांबड्या खुणा मोजू नका. मागील महिन्यातील कोणत्या चुका या महिन्यात नाहीत हे पाहा. घरातील बोलीची लाज बाळगू नका. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी कोश रचला तेव्हा कोकणातले शब्द, शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे शब्द त्यांनी आदराने टिपून घेतले. आपणच आपल्या शब्दांचा अनादर करावा हे योग्य नव्हे. आजीची गोष्ट बोलीत ऐकावी आणि अर्ज प्रमाणभाषेत लिहावा. दोन्ही ज्यास येतात तो खरा श्रीमंत.

मेजर कँडी यांचे भव्य स्मारक आमच्या पाहण्यात नाही. त्यांचे कोश ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत, त्यांची क्रमिक पुस्तके कालबाह्य झाली, त्यांचे कित्येक नियमही बदलले. राहिली ती त्यांची चिकाटी, आणि एका परक्या भाषेविषयी त्यांनी आयुष्यभर बाळगलेली आस्था. ज्या भाषेत आपण जन्मलो तिच्यासाठी आपणांस कोश रचावयाचा नाही, की नवे नियम घालावयाचे नाहीत. लिहिलेले वाक्य एकदा पुन्हा वाचून पाहणे, एवढेच आपल्याकडे मागणे आहे. परक्याने चाळीस वर्षे दिली. आपण रोज दहा मिनिटे देण्यास कचरू नये.